इन-एन-आउट की व्हॉटाबर्गर? धरमपेठेत दुकान टाकणाऱ्यानं कोणाकडून काय घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पती-पत्नी नागपूरच्या धरमपेठेत बर्गरचं छोटं दुकान टाकताहेत. इन-एन-आउट आणि व्हॉटाबर्गर या अमेरिकेतल्या दोन प्रादेशिक बर्गर साखळ्या. त्यांची बहीण टेक्सासमध्ये डॅलसजवळ फ्रिस्कोला राहते आणि तिच्या मते व्हॉटाबर्गरपुढे दुसरं काही नाही. मावसभाऊ लॉस एंजेलिसकडे असतो, तो इन-एन-आउटशिवाय दुसरं नाव घेऊ देत नाही. दोघंही मदत करायला तयार आहेत, पण दुकान कोणाच्या वळणावर न्यायचं यावर घरात एकमत होत नाही. दोन्हींत सरस कोण, आणि नागपुरात कोण चालेल?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तव्यावरून उतरल्या उतरल्या काउंटरवर उभं राहून खायचा असेल तर माझ्या मते इन-एन-आउटचा डबल-डबल, म्हणजे दोन पॅटी आणि दोन चीजचा बर्गर, सरस आहे. रात्री उशिरा, भूक दणकून लागलेली असताना, आपल्याला हवा तसा बनवून घ्यायचा असेल तर व्हॉटाबर्गर. आणि नागपुरात चिकनच्या खिम्यावर दुकान उभं करायचं असेल तर तुमचा खरा गुरू या दोघांपैकी कोणीच नाही. तो आहे व्हाइट कॅसल, अमेरिकेतलीच एक जुनी बर्गर साखळी. त्याचं नाव तुमच्या घरातल्या वादात आलेलंच दिसत नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

मी टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत काम केलं, आता नागपुरात बेस किचन, म्हणजे दुकानांना तयार माल पुरवणारं स्वयंपाकघर, चालवतो आणि नव्या दुकानांचे मेनू बसवून देतो. या सगळ्यात एक गोष्ट मला पक्की कळली. प्रादेशिक साखळीचा बर्गर तिच्या मालाचा ट्रक किती लांब जातो, गिऱ्हाईक किती वाजता येतं आणि तव्यावर काय ठेवायचं नाही हे कोणी ठरवलं, यावरून घडतो. कृती आणि सॉस विमानानं आणता येतात. ही तीन कारणं आणता येत नाहीत, ती नागपुरात नव्यानं शोधावी लागतात.

इन-एन-आउट घ्या. १९४८ साली हॅरी आणि एस्थर स्नायडर या नवरा-बायकोनं लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कला गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकासाठी खिडकी उघडली, दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा स्पीकर लावून. आजही तिथली यादी जवळपास तेवढीच आहे: हॅम्बर्गर, चीजबर्गर, डबल-डबल, फ्राइज, शेक आणि पेयं. चिकन नाही, मासे नाहीत, नाश्ता नाही. दुकानात फ्रीझर नाही, मायक्रोवेव्ह नाही, तयार माल गरम ठेवणारे दिवे नाहीत. फ्रँचायझी कोणालाच दिलेली नाही. मालकी घराण्यातच आहे, हॅरी यांची नात लिन्सी स्नायडर २०१० पासून कंपनीच्या अध्यक्ष आहेत.

यातलं 'फ्रीझर नाही' हे जाहिरातीचं वाक्य समजून सोडून देऊ नका. सगळा धंदा त्यावर उभा आहे. मांस गोठवायचं नाही म्हटलं की पॅटी रोज ताजी पोचली पाहिजे. ती पोचायची तर स्वतःचे कारखाने हवेत आणि दुकानं त्यांच्यापासून एका दिवसाच्या ट्रकच्या पल्ल्यात हवीत. म्हणून ही साखळी पन्नास-साठ वर्षं पश्चिमेकडच्या मोजक्या राज्यांतच राहिली. २०११ साली टेक्सासमध्ये उतरली तेव्हा डॅलसला तिनं पॅटीचा वेगळा कारखाना उभा केला. तुमच्या बहिणीच्या फ्रिस्कोतच तिची टेक्सासमधली सुरुवातीची दुकानं निघाली, म्हणजे हा वाद तिच्या गावात पहिल्या दिवसापासून चालू आहे.

नागपुरात हा हिशेब कसा बसतो? नकाशावर फार छान. वर्धा, भंडारा जवळ, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालेली गाडी दुकान उघडायच्या आत कुठेही पोचते. पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि चिकनचा खिमा बर्फाच्या पेटीतून पाठवणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे. खिमा ४ अंशांच्या खाली राहायला हवा, दुकानात आणि रस्त्यातही. स्वतःची चिलरची गाडी येईपर्यंत तुमचा पल्ला शहरापुरताच धरा. गोकुळपेठेत सकाळी कापलेलं चिकन दुपारी दळून रात्रीपर्यंत संपवता येतं. दुसऱ्या शाखेचा विचार गाडी घेतल्यावर करा.

छोट्या यादीचा आणखी एक फायदा आहे. अमेरिकेत तो कोणाच्या डोक्यात येत नाही, नागपुरात मात्र फार मोलाचा ठरतो. इन-एन-आउटच्या फ्रायरमध्ये बटाट्याशिवाय काही पडतच नाही, कारण दुसरं तळायला यादीत काही नाही. व्हॉटाबर्गरकडे चिकन आहे, कांद्याच्या रिंगा आहेत, एकूण तळण बरंच आहे. आता आपल्याकडचं काउंटर डोळ्यांसमोर आणा. चौघांच्या टोळीत एक तरी शाकाहारी असतो, आणि तो आला नाही तर चौघंही येत नाहीत. त्याला फ्राइज द्यायच्या आणि त्याच तेलात आत्ताच चिकन तळलेलं असायचं, हे चालणार नाही. मेनूवर हिरवा ठिपका छापल्यानं ते तेल शाकाहारी होत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की छोट्या दुकानात तळलेलं चिकन ठेवूच नका. चिकन तव्यावर, बटाटा फ्रायरमध्ये, आणि शाकाहारी टिक्कीला वेगळा तवा, वेगळं उलथनं. दोन तव्यांचा खर्च दोन फ्रायर आणि दुप्पट तेलापेक्षा कमी आहे.

आता व्हॉटाबर्गर. १९५० साली हार्मन डॉब्सन यांनी पॉल बर्टन यांच्यासोबत टेक्सासच्या समुद्रकाठच्या कॉर्पस क्रिस्टी गावात तो सुरू केला. दोन्ही हातांनी धरावा लागेल इतका मोठा बर्गर द्यायचा ही डॉब्सन यांची जिद्द. त्यासाठी पाच इंची बन आणि पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची पॅटी, पसरट आणि पातळ. किंमत पंचवीस सेंट. १९६७ साली विमान अपघातात डॉब्सन गेले आणि त्यांच्या पत्नी ग्रेस यांनी धंदा सांभाळला, वाढवला. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचं उतरतं छप्पर टेक्सासच्या हमरस्त्यावर दुरूनच ओळखू येतं.

व्हॉटाबर्गरची खरी ताकद घड्याळात आहे. बहुतेक ठिकाणी चोवीस तास दुकान उघडं आणि रात्री अकरापासून सकाळी अकरापर्यंत नाश्ता. तेलाच्या विहिरींवरचे कामगार, ट्रकवाले, रात्रपाळीच्या नर्स, सामना संपवून आलेली पोरं या सगळ्यांना गरम खाणं कुठे मिळेल हे डॉब्सनच्या माणसांनी ओळखलं. नागपूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. मार्च उजाडला की दुपारी बाराला धरमपेठेच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि रात्री नऊनंतर फुटाळा तलावाला गाडी लावायला जागा मिळत नाही. उन्हाळ्यात दुपारी दुकान उघडं ठेवून कारागिरांना ताटकळत बसवू नका. संध्याकाळी पाचला तवा तापवा आणि परवानगी असेल तितक्या रात्रीपर्यंत चालवा. सकाळच्या वाटेला मात्र जाऊ नका. नागपूरची सकाळ तर्री पोह्यांची आहे, ती हललेली मी पाहिली नाही, आणि हलावी असंही मला वाटत नाही.

व्हॉटाबर्गरचा सॉस कोणता, यावर तुमच्या बहिणीनं नक्की भर दिला असेल. तिथे मुळात मोहरीचा पिवळा मस्टर्ड लागतो. इन-एन-आउटचा गुलाबीसर स्प्रेड मेयोनीजच्या जातीचा. चवीला स्प्रेड गोलाई देतो, मस्टर्ड धार देतो. मला धार आवडते, पण इथे आवडीपेक्षा हवामान मोठं आहे. कच्च्या अंड्याचं मेयोनीज उन्हाळ्यात काउंटरवर उघडं राहिलं तर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूला आमंत्रणच असतं. तेलंगणा सरकारनं २०२४ च्या अखेरीस त्यावर वर्षभराची बंदी घातली, तीही हैदराबादेत माणसं आजारी पडल्यावर. तुम्ही अंडं नसलेलाच मेयो वापरा, शाकाहारी गिऱ्हाइकासाठीही तेच सोयीचं. तोही लहान डब्यांत भरून चिलरमध्ये ठेवा आणि तासाभरापुरताच बाहेर काढा. मस्टर्ड आंबट असतो, त्याला उष्णतेचं एवढं भय नाही, पण नुसता मस्टर्ड नागपुरी जिभेला कडवट लागतो. मेयोत थोडा मस्टर्ड, बारीक चिरलेली लोणच्यातली काकडी आणि व्हिनेगरमधली हिरवी मिरची घालून पाहा. दोन्ही साखळ्यांचं थोडं थोडं त्यात येतं आणि आपलंही.

आता मूळ अडचण. वर ज्या दोन बर्गरची तुलना केली ते गोमांसाचे आहेत. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या चवीची नक्कल करण्यात वेळ घालवू नका. गोमांसाच्या खिम्यात वीस टक्क्यांच्या आसपास चरबी असते, ती तव्यावर वितळते आणि पॅटी स्वतःच्याच तुपात परतली जाते. चिकनमध्ये ते होत नाही. शिवाय चिकन आतपर्यंत ७४ अंशांना शिजलंच पाहिजे, अर्धवट गुलाबी ठेवायची सोय नाही. व्हॉटाबर्गरची पसरट पाच इंची पॅटी चिकनची केलीत तर ती आत शिजेपर्यंत कडेनं चामडं होते. इन-एन-आउटसारख्या लहान, पातळ दोन पॅटी थोड्या बऱ्या निघतात, पण त्याही कोरड्याच.

इथे व्हाइट कॅसल येतो. १९२१ साली कॅन्ससच्या विचिटा गावात वॉल्टर अँडरसन आणि बिली इंग्राम यांनी सुरू केलेली ही अमेरिकेतली पहिली बर्गर साखळी, पाच सेंटला एक बर्गर. तिचा दक्षिणेतला प्रतिस्पर्धी क्रिस्टल १९३२ चा, टेनेसीतल्या चॅटानूगाचा. दोघांचे बर्गर लहान, चौकोनी. कोण श्रेष्ठ यावरून तिकडेही घराघरांत वाद आहेत. व्हाइट कॅसलची रीत अशी: तव्यावर कांद्याचा थर, त्यावर पाच भोकं पाडलेली पातळ चौकोनी पॅटी, तिच्यावर बन. कांद्याच्या पाण्याची वाफ भोकांतून वर चढते, मांस शिजवते आणि बनला मऊ करते. पॅटी उलटायचीच नाही. गोमांसाच्या बाबतीत मला ही पद्धत थोडी फिकी वाटते, कारण खरपूसपणा येत नाही. चिकनच्या बाबतीत मात्र ती नेमकं हवं तेच करते. मांस कोरडं पडत नाही आणि आतपर्यंत शिजतं.

मी बसवून देतो ती कृती खरपूस भाजणं आणि वाफवणं या दोन्हींच्या मधली आहे. मांडीचं चिकन घ्या, छातीचं नको. कातडीसकट दळा, जाळी जाड ठेवा आणि यंत्राचं भांडं आधी थंड करा. गोळा साधारण साठ ग्रॅमचा. मीठ खिम्यात मिसळू नका, तव्यावर टाकताना वरून घाला. आधी घातलेलं मीठ मांसातली प्रथिनं सोडवतं आणि पॅटी रबरासारखी चिवट होते, सॉसेजसारखी. तवा कडक तापला की गोळा टाकून पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाबा. नंतर दाबलंत तर रस बाहेर जातो. खालची बाजू खरपूस झाली की उलटा, कांद्याच्या पातळ चिऱ्यांचा ढीग शेजारी पसरून पॅटी त्यावर सरकवा, चीज ठेवा, बनचा वरचा भाग ठेवा, चमचाभर पाणी शिंपडा आणि झाकण टाका. मिनिटभरात काढा. तापमापी टोचून खात्री करा, अंदाजावर सोडू नका. बन चार इंचांचा पुरे. लहान बर्गर दोन घेणारं गिऱ्हाईक नागपुरात मोठा एक घेणाऱ्यापेक्षा जास्त भेटतं, आणि दुसरा बर्गर पहिला खाऊन मागवला तर तो गरम मिळतो.

सावजी बर्गर करायचा विचार तुमच्या मनात असणारच, नागपुरात प्रत्येकाच्या मनात असतो. करा, पण मसाला खिम्यात घालू नका. सावजीचा भाजून वाटलेला मसाला तेलाच्या रश्श्यात उमलतो. कोरड्या कडक तव्यावर तो दहा-पंधरा सेकंदांत जळतो आणि तोंडात कडूपणा राहतो. मसाल्याची दाट चटणी तेलात शिजवून घ्या आणि पॅटी बनमध्ये बसल्यावर वरून लावा. तर्रीचा लाल तवंग बनच्या आतल्या बाजूला लागला की तो बन मी पुन्हा पुन्हा मागवतो.

आता फ्राइज, आणि इथे मी इन-एन-आउटच्या पूर्ण विरोधात आहे. ते दुकानात बटाटा कापून सूर्यफुलाच्या तेलात तळतात. ऐकायला सुंदर, दिसायलाही. पण त्या फ्राइज पाच मिनिटांत मऊ पडतात आणि त्यांचे निष्ठावंत सोडले तर अमेरिकेतही त्यांच्याबद्दल कुरकुर आहे. न्यूयॉर्कच्या शेक शॅकनं २०१३ मध्ये गोठवलेल्या नागमोडी फ्राइज काढून ताज्या आणल्या आणि वर्षभरात गिऱ्हाइकांच्या आग्रहानं जुन्याच परत आणल्या. आपल्याकडे अडचण आणखी खोल आहे. बटाटा निघतो जानेवारी ते मार्चमध्ये आणि वर्षभर कोल्ड स्टोरेजमध्ये दोन-चार अंशांवर पडून असतो. त्या थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. कळमन्याच्या बाजारातून आणलेला असा बटाटा तळला की आत कच्चा आणि बाहेर तपकिरी, खायला गोडसर-कडवट. व्यापारी 'शुगर-फ्री' म्हणून वेगळा बटाटा विकतात, तो चिप्ससाठी जरा उबेत साठवलेला असतो, चिप्सोनासारख्या जातीचा. तो बारा महिने एकसारखा मिळेल अशी व्यवस्था असेल तरच ताज्या फ्राइजचा हट्ट धरा, आणि मग आधी गरम पाण्यातून काढा, निथळा, दोनदा तळा. नाहीतर चांगल्या कंपनीच्या गोठवलेल्या फ्राइज घ्या. त्यात कमीपणा नाही. 'फ्रीझर नाही' हे व्रत मांसापुरतं ठेवा.

पार्सलचा मुद्दा यालाच जोडून येतो. इन-एन-आउटनं २०१५ साली घरपोच सेवा देणाऱ्या डोअरडॅशवर, परवानगी न घेता आपलं खाणं पोचवल्याबद्दल, खटला भरला. आपला माल कुठल्या अवस्थेत गिऱ्हाइकाच्या हातात पडतो हे त्यांना एवढं महत्त्वाचं वाटलं. तुम्हाला झोमॅटो-स्विगीपासून लांब राहता येणार नाही, पण अंतर तुम्ही ठरवू शकता. धरमपेठेतून शंकरनगर, रामदासपेठ, बजाजनगर ठीक. शहराच्या टोकाला मिहानपर्यंत पाठवलेला बर्गर डब्यातल्या वाफेनं लगदा होतो आणि तारे तुमच्या दुकानाचे कमी होतात. पार्सलच्या डब्याला भोकं हवीत, कोशिंबीर वेगळ्या कागदात हवी, आणि पार्सलच्या यादीत फ्राइजऐवजी बटाट्याच्या जाड फोडी ठेवा.

फ्रँचायझी घ्यावी का, हेही विचारलं आहे. तयार नाव, तयार पॅटी, तयार बन, सगळं घरपोच येतं हे खरं. पण रॉयल्टी विक्रीवर जाते, नफ्यावर नाही, आणि माल त्यांच्याच भावानं घ्यावा लागतो. करारात मालाचे भाव कोण आणि कधी वाढवणार, तुमच्या दुकानापासून किती अंतरात दुसरी शाखा निघणार नाही, आणि ऑनलाइन ऑर्डरचा परिसर कोणाचा, ही तीन कलमं सापडत नसतील तर सही करू नका. विदर्भातल्या एका दुकानदाराला दोन किलोमीटरवर त्याच नावाची दुसरी शाखा उघडल्याचं गिऱ्हाइकाकडून कळलं होतं.

प्रदेश सांभाळून वाढणं आपल्याला नवं नाही. हल्दीरामचा धंदा १९३७ साली बिकानेरला सुरू झाला, पुढे घराण्याच्या शाखांनी प्रदेश वाटून घेतले आणि नागपूरची शाखा याच शहरातून मोठी झाली. वडापाववर उभी राहिलेली जंबोकिंग २००१ साली मालाडला सुरू झाली आणि बराच काळ मुंबईतच दाट पसरली. माल एका जागेहून निघतो, देखरेख एका माणसाला झेपते आणि चव सैल पडत नाही. व्हॉटाबर्गरच्या घराण्यानं २०१९ मध्ये मोठा हिस्सा शिकागोच्या एका गुंतवणूक कंपनीला विकला तेव्हा टेक्सासमध्ये लोक खरोखर हळहळले. आपल्या भागाचं खाणं बाहेरच्यांकडे गेलं असं त्यांना वाटलं. अशी आपुलकी फक्त जाहिरातीनं मिळत नाही.

शेवटचं सांगणं कारागिरांबद्दल, कारण मेनूवर सगळे बोलतात आणि तव्यापुढे उभ्या असलेल्या माणसावर कोणी बोलत नाही. इन-एन-आउट आजूबाजूच्या दुकानांपेक्षा जास्त पगार देते आणि मॅनेजर आतूनच, काउंटरवरच्या पोरांमधून तयार करते. तिथला बर्गर रोज सारखा लागतो त्यामागे ते आहे. नागपुरात तर मे महिन्यात कडक तव्यापुढे उभं राहणं हे अंगमेहनतीचं काम आहे. धूर ओढणारं हूड आणि बाहेरची हवा आत आणणारा पंखा हे दुकानाच्या पाटीच्या आधी बसवा. पाणी, ताक आणि दर दोन तासांनी तव्यावरचा माणूस बदलणं हे नियमात लिहा. आणि दुकान अक्षय्य तृतीयेला उघडायचा बेत असेल तर तो सोडा. नवे कारागीर, नवा तवा आणि ४५ अंश एकत्र आले की पहिल्याच आठवड्यात माणसं सोडून जातात. पावसाची पहिली सर पडून गेल्यावर, जूनच्या शेवटी उघडा. दिवाळीच्या गर्दीपर्यंत हात बसलेला असेल.